गाळाचं देणं

नांदूर मध्यमेश्वर हे नाव आपल्याला वर्षातून दोनदा भेटतं. पहिल्यांदा ऑगस्ट-सप्टेंबरात, पुराच्या बातमीत. गंगापूर भरलं, दारणा भरलं, आणि नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडीकडे अमुक हजार क्युसेकचा विसर्ग सुरू झाला. वर नाशिककर गोदाकाठची दुकानं आवरत असतात आणि खाली मराठवाडा जायकवाडीची टक्केवारी मोजत असतो. दुसऱ्यांदा हे नाव डिसेंबरात भेटतं, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर. धुकट पाण्यावर बदकांचा थवा, आणि फोटोखाली ओळ: परदेशी पाहुणे दाखल.

या दोन्ही बातम्या एकाच जागेच्या आहेत, आणि पहिलीवाचून दुसरी घडलीच नसती, हे कळायला मला तिथल्या चिखलात घोट्यापर्यंत रुतावं लागलं.

धुक्याआडचा लिलाव

निफाड तालुक्याची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती खाली आला, याची दर हिवाळ्यात बातमी होते. पारा फारच उतरला की द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवून घडांना ऊब देत रात्र काढतात. अशाच एका जानेवारीच्या पहाटे सायखेड्याकडून चापडगावला पोचलो, तेव्हा रस्त्याकडेच्या उसावरून दव टपटपत होतं आणि पुढचं दहा पावलांवरचं काही दिसत नव्हतं.

गावातलाच एक तरुण वाटाड्या म्हणून बरोबर आला. गळ्यात दुर्बीण, खांद्यावर ट्रायपॉडसकट टेलिस्कोप, पायात गमबूट. माझ्या नव्याकोऱ्या पांढऱ्या बुटांकडे त्याने एकदा बघितलं आणि काही न बोलता चालू लागला.

पाणी दिसायच्या आधी ऐकू आलं. धुक्यापलीकडे लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव चालला असावा, असा गलका. शिट्ट्या, कुरकुर, मध्येच कर्कश ओरडा, आणि या सगळ्याखाली पंखांची एक सलग फडफड. साडेसातच्या सुमारास उन्हाने धुक्याची कड उचलली आणि समोर पाण्यावर काळ्या ठिपक्यांची रांगच्या रांग उघडी पडली.

"ते काळे दिसतात ना दादा, कपाळावर पांढरं? वारकरी," वाटाड्या म्हणाला. "आता बघा, निघतील दिंडीला."

आणि खरंच निघाले. वारकरी या पक्ष्याला बसल्या जागेवरून झपकन उडता येत नाही. तो आधी पाण्यावर धावतो. त्याच्या बोटांना बदकासारखा सलग पडदा नसतो, प्रत्येक बोटाला स्वतंत्र पाकळ्यांसारखी झालर असते. त्या झालरींनी पाणी बडवत, छपछप आवाज करत, शंभरेक वारकरी एका दिशेने धावत सुटले आणि मग एकेक करून पाण्यापासून सुटले. कपाळावरचा तो पांढरा टिळा बघून ज्याने कोणी या पक्ष्याला हे नाव दिलं, त्याला मनातल्या मनात हात जोडले.

बंधारा कशासाठी, झालं काय

नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा यांचा संगम आहे. गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून येते, वाटेत इगतपुरीकडून आलेल्या दारणेला पोटात घेते. कादवा दिंडोरीकडून येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात इंग्रज सरकारने या संगमाशी एक बुटकी भिंत बांधली. पाण्याचा मोठा साठा इथे करायचा नव्हताच, तो वरच्या धरणांत व्हायचा होता. इथे नदीचं पाणी फक्त अडवून थोडं उंच करायचं आणि दोन तीरांवरच्या दोन कालव्यांत घालायचं, एवढंच काम होतं. सह्याद्रीचा पाऊस अडतो त्याच्या पलीकडचा, कोपरगाव-राहात्याकडचा कोरडा टापू त्यामुळे भिजला. तिथला ऊस आजही या कालव्यांच्या भरवशावर उभा आहे.

पण नदी नुसतं पाणी आणत नाही. धावतं पाणी माती उचलतं, आणि जितक्या वेगाने धावतं तितकी जाड माती उचलतं. वेग मंदावला की हातातलं ओझं ठेवायला सुरुवात करतं. आधी गोटे, मग वाळू, आणि सगळ्यात शेवटी, पाणी जवळजवळ थांबल्यावर, पिठासारखा बारीक काळा गाळ. भिंतीने पाणी थांबवलं आणि गोदा, दारणा, कादवेने शंभराहून जास्त पावसाळे तिथे तो काळा गाळ अंथरला. सह्याद्रीचा झिजलेला बेसाल्ट, दिंडोरी-निफाडच्या रानांतली काळी माती, कुजलेला पाचोळा, असं सगळं थरावर थर.

पाटबंधारे खात्याच्या हिशेबात हा तोटा आहे. जितका गाळ साचला तितकी पाण्याची जागा गेली. जिथे पुरुषभर पाणी असायला हवं, तिथे गुडघाभर राहिलं, कुठे बेट उघडं पडलं, कुठे पाणकणीस माजलं. बांधणाऱ्यांच्या नकाशात नसलेली एक उथळ, चिखलाची, अर्धी पाण्यात अर्धी जमिनीवर असलेली जागा तयार झाली. ती पक्ष्यांनी ताब्यात घेतली.

1986 साली या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सलीम अली यांनी याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं, असं इथे प्रत्येक जण अभिमानाने सांगतो. गंमत अशी, की राजस्थानातलं खुद्द भरतपूरही माणसाच्या बांधामुळेच झालेलं आहे. तिथल्या नैसर्गिक खोलगट भागात पाणी साचलं ते अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात घातलेल्या अजान बांधामुळे. इराणमधल्या रामसर गावी 2 फेब्रुवारी 1971 रोजी पाणथळ जागांचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यानेही ही गोष्ट ओळखली होती. त्याच्या व्याख्येत दलदल नैसर्गिक असो वा कृत्रिम, कायमची असो वा हंगामी, पाणी गोडं असो वा खारं, सगळ्याला जागा आहे. त्या करारात महाराष्ट्राचं पहिलं नाव लागलं ते नांदूर मध्यमेश्वरचं. 1,437 हेक्टरांच्या या जागेची घोषणा जानेवारी 2020 मध्ये झाली. त्याच वर्षी पुढे लोणार आलं आणि 2022 मध्ये ठाण्याची खाडी.

रामसरच्या नोंदीप्रमाणे इथे 536 प्रजाती आढळल्या आहेत. त्यांत उसातला बिबट्या आहे, चंदन आहे, गिधाडं आहेत आणि देवळालीच्या नावाचा, जगातून नाहीसा व्हायच्या बेतात असलेला एक चिमुकला मासाही आहे. पण हिवाळ्यात माणसं येतात ती पाण्यावरच्या पंखांसाठी.

बोट, वीत, हात

इतके पक्षी एका ठिकाणी भांडण न करता कसे राहतात, हे कोडं मनोऱ्यावर उभं राहून पाहिलं तर सुटत नाही. काठावर उकिडवं बसून पाहावं लागतं. मग लक्षात येतं, की इथे जमिनीची वाटणी लांबी-रुंदीने झालेली नसून खोलीने झाली आहे, आणि ती मोजायला आपली जुनी मापं पुरतात.

अंगठा बुडेल एवढ्या पाण्यात छोटा टिलवा. चिमणीएवढा जीव, आखूड चोच, शिवणयंत्राच्या सुईसारखी वरखाली. टिपतो ते वरच्या थरातलं. त्याच्याजवळच ओल्या चिखलात पाणलावा, ज्याची चोच त्याच्या अंगाच्या मानाने हास्यास्पद लांब. ती पूर्ण चिखलात खुपसून तो थांबतो. त्या चोचीच्या टोकात स्पर्शाचे असंख्य बारीक कण असतात. आत अंधारात गांडूळ हललं तर ते त्याला कळतं. कळल्यावर चोच उघडायची कशी? चारी बाजूंनी चिखल दाबलेला. पाणलावा सगळी चोच उघडतच नाही. तो फक्त टोक उघडतो, चिमट्यासारखं. चिखलात चोच तशीच ठेवून पकडलेलं वर ओढून घेतो.

वीतभर पाण्यात शेकाट्या उभा असतो. गुलाबी काड्यांवर ठेवलेला काळा-पांढरा पक्षी. अंगाच्या मानाने एवढे लांब पाय रोहित पक्षी सोडला तर क्वचितच कोणाचे. त्याच खोलीत चक्रांग नावाचं छोटं बदक डोकं बुडवून चाळत बसतं. त्याच्या पलीकडे, हातभर पाण्यात, तलवार बदक. हे बदक बुडी मारत नाही, शीर्षासन करतं. शेपटीचं टोकदार पातं आभाळाकडे, लांब मान तळाकडे, आणि पाय मारत तोल सांभाळत तळातलं बी खातं. जितकी मान लांब, तितका तळ खोल. चक्रांगाची मान जिथे संपते तिथून तलवार बदकाचं ताट सुरू होतं. त्याहून खोल पाणी आलं की टिबुकली आणि पाणकावळा, जे सरळ आत जातात आणि भलतीकडेच वर येतात.

थापट्या बदकाची तऱ्हा आणखी निराळी. त्याची चोच टोकाला रुंद होत जाते, लिंपायच्या थापीसारखी. तिच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. पाणी तोंडात घ्यायचं, दात्यांमधून बाहेर ढकलायचं, जे अडकेल ते खायचं. त्या दिवशी टेलिस्कोपमधून पाहिलं ते मात्र कुठल्या पुस्तकातल्या चित्रात पाहिलं नव्हतं. आठ-नऊ थापटे एका वर्तुळात गोल गोल पोहत होते, प्रत्येकाची चोच पुढच्याच्या शेपटीमागे पाण्यात. मी म्हटलं, खेळतायत की काय? वाटाड्या हसला. ते पाणी घुसळत होते. पायांनी गोल भोवरा उठला की तळाकडचे सूक्ष्म जीव वर येतात, आणि पुढच्याच्या पायांनी उसळलेलं मागच्याच्या चोचीत जातं. रवी फिरवावी आणि लोणी वर यावं, तसं.

दलदलीच्या वरच्या मजल्यावर, तरंगत्या पानांवर, कमळपक्षी चालत असतो. त्याची बोटं आणि नखं इतकी लांब की अंगाचा भार पानभर पसरतो आणि पान बुडत नाही. पावसाळ्यात त्याला कोयत्यासारखी लांब शेपटी फुटते. घरची रीतही उलटी. मादी अंडी घालते आणि दुसरा जोडीदार बघायला निघून जाते, अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे. आणि उघड्या चोचीचा करकोचा, ज्याची चोच मिटली तरी मधोमध फट राहते, तो काठाच्या पाण्यात गोगलगायी शोधतो. फटीत शंख धरून तो फोडत असेल असं वाटतं, पण तसं होत नाही. तो चोचीचं बारीक टोक शंखाच्या झाकणाखाली सरकवतो, गोगलगायीला शंखाशी बांधून ठेवणारा स्नायू कापतो आणि मांस अलगद बाहेर ओढतो. शंख बहुधा जवळजवळ तसाच मागे राहतो.

हे सगळं शक्य आहे ते तळ सपाट नसून हळूहळू उतरत जातो म्हणून. अंगठा, वीत, हात, कंबर, अशी प्रत्येक खोली इथे कुठे ना कुठे सापडते. खोल, कडेला उभ्या भिंती असलेल्या धरणात यातलं एकही ताट मांडता येत नाही. हा उतार गाळाने घडवलाय.

लाल अळी आणि उंचावरचा हंस

उन्ह वर आल्यावर वाटाड्याने काठावर वाकून ओंजळभर चिखल उचलला, बोटांनी पाण्यात विरघळवला आणि तळहात माझ्यापुढे धरला. काळ्या गाळात एक लाल धागा वळवळत होता. शिवणीतून सुटलेल्या दोऱ्याएवढा.

"या खायला येतात एवढ्या लांबून," तो म्हणाला.

ही न चावणाऱ्या, डासासारख्या दिसणाऱ्या माशीची अळी. दलदलीच्या तळाशी, गाळात, ती लाखोंनी असते. बदकांना आणि तुतवारांना तिच्याइतकं सोपं, पौष्टिक अन्न क्वचितच मिळतं. पण ती लाल का? गाळाच्या आत प्राणवायू जवळजवळ नसतो. कुजणाऱ्या पाल्यावर जगणारे जिवाणू तो संपवून टाकतात. तिथे टिकायचं तर जो थोडाफार मिळेल तो घट्ट धरून ठेवता आला पाहिजे. म्हणून या अळीच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. तेच, जे आपल्या रक्ताला लाल करतं. बहुतेक कीटकांकडे ते नसतं. तिचा लाल रंग हा तिच्या गुदमरण्यावरचा इलाज आहे.

मी तळहातावरच्या त्या धाग्याकडे बघत होतो, तेवढ्यात डोक्यावरून आवाज गेला. जाड, अनुनासिक, दोन सुरांत. वर बघितलं तर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात पंधरा-वीस राखी पक्षी, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. पट्टकादंब. आपल्या वाङ्मयातल्या हंस-कादंबांच्या कुळातला.

हा पक्षी उन्हाळ्यात तिबेट, मंगोलिया, किर्गिझस्तानच्या उंच सरोवरांवर पिल्लं काढतो आणि हिवाळ्यात भारतात उतरतो. मध्ये हिमालय आहे. शास्त्रज्ञांनी त्यांच्या अंगावर उपग्रहाला दिसणारी यंत्रं बसवून त्यांचा पाठलाग केला. त्यांतल्या एका पक्ष्याची 7,290 मीटर उंचीची नोंद झाली. मात्र हौस म्हणून ते उंच जात नाहीत. जमिनीच्या चढ-उताराबरोबर तेही चढतात-उतरतात, दरीत खाली येऊन दाट हवेचा फायदा घेतात, आणि बहुतेक वेळा साडेपाच हजार मीटरच्या खालीच राहतात. रात्री आणि पहाटे, हवा थंड आणि दाट असते तेव्हा उडणं त्यांना सोयीचं जातं. हिमालयाचा चढ ते सात-आठ तासांत पार करू शकतात, तेही वाऱ्याची फारशी मदत न घेता, पंख मारत. गिर्यारोहक एवढ्याच उंचीला सरावायला आठवडे घालवतात.

साडेपाच हजार मीटरच्या वर दर श्वासाला समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी प्राणवायू मिळतो. तेवढ्यात दोन-अडीच किलोंचा पक्षी पंख कसे मारत राहतो? त्याची फुप्फुसं मोठी आहेत, स्नायूंभोवती रक्तवाहिन्यांचं जाळं दाट आहे. आणि त्याच्या हिमोग्लोबिनमध्ये मोजक्या जागी असे बदल झाले आहेत, की ते विरळ हवेतला प्राणवायूही घट्ट पकडतं.

हिमालयाच्या माथ्यावरचा हंस आणि गोदावरीच्या गाळातली अळी. एकाला हवा पातळ म्हणून प्राणवायू कमी, दुसरीला चिखल दाट म्हणून. दोघांचाही आसरा एकच लाल रेणू. त्या सकाळी एक माझ्या डोक्यावर होता आणि दुसरी तळहातावर. मधे उभ्या माझ्या नसांमधूनही तोच रेणू धावत होता. एवढं लक्षात आल्यावर बराच वेळ मला दुर्बीण उचलावीशी वाटली नाही.

आवर्तन सुटलं की

पक्ष्यांचं वेळापत्रक ऋतू ठरवतात, पण नांदूर मध्यमेश्वरला त्यात पाटकऱ्याचाही हात असतो. रब्बीसाठी कालव्याला आवर्तन सुटलं की पाण्याची पातळी उतरते. काठाची एक नवी पट्टी उघडी पडते, आणि काल जिथे तलवार बदक शीर्षासन करत होतं तिथे आज शेकाट्या उभा दिसतो. वरच्या धरणातून पाणी आलं की पातळी चढते, आणि सगळी पंगत सरकून बसते. कोपरगावच्या ऊसवाल्याने मागितलेली पाण्याची पाळी सायबेरियातून आलेल्या टिलव्याचं जेवण ठरवते. दोघांना एकमेकांचा पत्ताही नसतो.

म्हणूनच इथे गेल्यावर "काल इथे होते ते आज कुठे गेले" हे स्थानिक माणसाला विचारावं. चापडगाव, मांजरगाव, खानगाव थडी, कोठुरे, कुरुडगाव या काठावरच्या गावांतली पोरं पातळी बघून पक्षी कुठे सापडतील ते सांगतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. धुकं विरण्याच्या वेळी पोचावं, ऊन तापायच्या आत परतावं. कपडे मातकट असावेत, आणि बूट, माझ्यासारखे, पांढरे नसावेत.

पक्षी मोजायचे कसे, हा प्रश्न प्रत्येक नवख्याला पडतो. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, इथेही वनखातं आणि पक्षिमित्र मिळून मोजतात. युक्ती सोपी आहे आणि घरी तांदूळ पसरूनही शिकता येते. आधी दहा पक्षी नीट मोजायचे आणि दहाचा गठ्ठा केवढा दिसतो ते डोळ्यात साठवायचं. मग दहाचे दहा गठ्ठे मिळून शंभराची एक चौकट. त्या चौकटी थव्यावर मांडत जायच्या. पहिल्यांदा मी मोजले सहाशे, वाटाड्याने मोजले नऊशे. थवा दाट असला की नवख्याचा डोळा नेहमी कमी मोजतो, असं त्याने मला समजूतदारपणे सांगितलं.

छंद म्हणून पाणपक्षी बघायला जाणं ही तशी अलीकडची गोष्ट आहे. जुना छंद त्यांना मारण्याचा होता. भरतपूरला एक शिलालेखच आहे, शिकारींच्या आकड्यांचा. 12 नोव्हेंबर 1938 या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मंडळीने तिथे 4,273 पक्षी पाडले. खुद्द सलीम अलींचा पक्ष्यांशी परिचय झाला तोही लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीमुळे, जिची ओळख पटवायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले होते. बंदुकीच्या जागी दुर्बीण आली, यात माणसाची मोठी प्रगती आहे.

पण दुर्बिणीनेही इजा होते. फोटोसाठी चार पावलं पुढे गेलं की थवा उठतो, एक फेरी मारून पलीकडे बसतो, आपल्याला ते दृश्य सुंदर वाटतं. पक्ष्याच्या बाजूने बघा. मार्च-एप्रिलात त्याला पुन्हा हजारो किलोमीटर जायचं आहे, आणि त्यासाठी अंगात चरबी साठवायला हाच हिवाळा आहे. प्रत्येक वेळी उठवलं की साठवलेलं थोडं जळतं आणि खाण्याची काही मिनिटं जातात. दिवसातून दहा गाड्या आल्या, दहांनी एकेकदा उठवलं, तर त्या पक्ष्याचा दिवसभराचा हिशेब तोट्यात जातो. बदकांनी खाणं थांबवून माना ताठ केल्या, की समजायचं, आपण जरा जास्तच जवळ आलो.

गाळ काढायचा की ठेवायचा

परतताना एका शेताच्या बांधावर चहाला थांबलो. शेतमालक काकांना म्हटलं, तुमच्याकडे जगातला मोठा खजिना आहे. ते म्हणाले, "खजिना आहे खरं, पण ऑगस्टात माझ्या सोयाबीनमध्ये पाणी असतं त्याचं काय?"

त्यांचं म्हणणं खोटं नाही. पात्र गाळाने उथळ झालं, की पुराचं पाणी लवकर बाहेर येतं. चांदोरी-सायखेड्यापर्यंतची वरची गावं दर मोठ्या पावसात जीव मुठीत धरून बसतात. "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही सरकारी योजना महाराष्ट्रातल्या अनेक तलावांसाठी वरदान आहे. शेताला खत, तलावाला जागा. नांदूर मध्यमेश्वरचा सगळा गाळ उपसला तर मात्र पंगतच उठेल. आणि काहीच केलं नाही तरी ती उठेल, कारण गाळ साचत गेला तर एक दिवस दलदलीची जमीन होते. दलदल टिकते ती या दोन टोकांच्या मधे, आणि तिला मधे धरून ठेवणारा एक हात पुराचा असतो. पूर नवा गाळ आणतो, तसा जुन्यातला काही खरवडून पुढे ढकलतो, प्रवाहाची वाट मोकळी करतो.

आणि जलपर्णीही वाहून नेतो. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही जांभळ्या फुलांची तरंगती वनस्पती पंधरवड्यात दुप्पट होऊ शकते. तिला खत लागतं आणि ते वरून येणाऱ्या सांडपाण्यातून भरपूर मिळतं. पाण्यावर तिची सलग चटई पसरली की खाली ऊन पोचत नाही, पाणवनस्पती मरतात, प्राणवायू आणखी घटतो. गुदमरण्यावर इलाज असलेली लाल अळी कदाचित टिकेल. पण बदकाला तिच्यापर्यंत पोचायला उघडं पाणी लागतं, आणि चटईतून चोच जात नाही. शहरातल्या नाल्यात आपण काय सोडतो आणि पाणी किती उपसतो, याचा हिशेब शेवटी या उथळ तळाशी येऊन पडतो.

निघताना कालव्यावरच्या पुलावर थांबलो. आवर्तन चालू होतं. पाणी भरल्या काठाने कोपरगावच्या दिशेने चाललं होतं, बंधाऱ्यात टेकून थोडं हलकं झालेलं. बुटांवरचा काळा थर एव्हाना वाळून तडकला होता. कठड्यावर पाय आपटून तो झाडला, तेव्हा ढेकळं खाली पडून पाण्यात विरली आणि दिसेनाशी झाली. पुढच्या एखाद्या वळणावर, पाणी जरा मंदावेल तिथे, ती तळाला बसणार होती.